तुझ्याच जिवासाठी

तुरुंगातून जे अर्ज निघतात त्यांत एक अगदी छोटा असतो. दोन ओळींचा. बराकीत माझ्या जिवाला धोका आहे, तरी मला वेगळं ठेवावं, ही विनंती. खाली सही, नाहीतर अंगठा. रजेचा अर्ज असो की घराजवळच्या तुरुंगात बदली मागणारा, त्यावर शेरे पडत राहतात आणि कागद फिरत राहतो. या अर्जाला फारशी खळखळ होत नाही. कैदी मेला तर चौकशी लागते. त्याला एकट्याला कोठडीत घातलं की ती धास्ती तेवढी कमी होते. मागणाऱ्याला हवं असतं आणि देणाऱ्याला सोयीचं असतं, त्यामुळे या प्रकाराकडे वळून बघायला कुणी उरत नाही.

अर्ज करणारे कोण? माफीचा साक्षीदार झालेला. टोळीतून फुटलेला. पोलिसात नोकरी केलेला, आणि आता ज्यांना आत घातलं त्यांच्याच पंगतीला येऊन बसलेला. लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला, ज्याला आतलं जगही बाहेरच्या इतकंच माफ करत नाही. समलिंगी, तृतीयपंथी. आणि एक वर्ग सिनेमात कधी येत नाही तो : तंबाखूची, जुगाराची उधारी डोक्यावर चढलेला साधा कैदी. देश बदलला की तपशील बदलतात, माणसं साधारण हीच. कधी अर्ज नसतोच. साहेब स्वतःच ठरवतात आणि सांगतात, तुझ्याच जिवासाठी करतोय.

धोका खोटा असतो असं अजिबात नाही. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात १ एप्रिल १९९० ला उठाव झाला आणि तो पंचवीस दिवस चालला. पहिल्या काही तासांतच दंगलखोरांनी वेगळ्या ठेवलेल्या कैद्यांचा विभाग गाठला. त्यांतले बरेचसे लैंगिक गुन्ह्यांचे आरोपी होते. त्यांना बेदम मारहाण झाली, एक जण पुढे रुग्णालयात मेला. डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात २००६ मध्ये एका तरुणानं संरक्षण मागितलं. जागा नव्हती म्हणून त्याला आणखी सहा जणांबरोबर तात्पुरत्या कोठडीत ठेवलं गेलं, आणि रात्री त्यांच्यातल्याच एका मनोरुग्णानं त्याचा जीव घेतला. आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल : गँगस्टर अबू सालेमवर २०१० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात हल्ला झाला, आणि २०१३ मध्ये तळोजा तुरुंगात तर त्याच्यावर गोळी झाडली गेली. जून २०१२ मध्ये येरवड्याच्या अंडा सेलसारख्या कडेकोट भागात एका कच्च्या कैद्याचा गळा आवळला गेला. म्हणजे कोठडी वेगळी आहे म्हणून जीव वाचेलच, याचीही खात्री नाही.

पण समजा जीव वाचला. मग त्या वाचलेल्या जिवाचं काय होतं? एकांतकोठडीवर दोनशे वर्षं लिहिलं जातंय, संशोधन चाळीस-पन्नास वर्षं चालू आहे. त्यातलं बहुतेक दंडाच्या कोठडीबद्दल आहे. संरक्षणाची कोठडी त्या ढिगात कुठंतरी खाली दबलेली सापडते. दोन्हींतला फरक फायलीत असतो. भिंत तीच, दार तेच, ताट सरकवायची फट तीच. आणि संरक्षणाच्या कोठडीत काही गोष्टी दंडापेक्षाही वाईट असतात, असं माझं मत हे सगळं वाचून झालं आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी आपल्या मराठी डोक्यातलं एक चित्र जरा बाजूला सारावं लागेल. तुरुंग म्हटलं की आपल्याला ग्रंथ आठवतो. टिळकांनी मंडालेला 'गीतारहस्य' लिहिलं, सावरकरांनी अंदमानात भिंतीवर कविता कोरल्या, विनोबांची 'गीता प्रवचने' धुळ्याच्या तुरुंगात झाली, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. तुरुंग म्हणजे जणू सरकारी खर्चाची अभ्यासिका! यात दोन गोष्टी आपण विसरतो. पहिली अशी, की विनोबांच्या प्रवचनांना समोर श्रोते होते, आणि ती उतरवून घ्यायला साने गुरुजी होते. तो एकांत नव्हताच, तो सत्संग होता. मंडालेत टिळकांजवळ पुस्तकं होती, पेन्सिल होती, स्वयंपाकाला एक मराठी कैदी दिलेला होता. दुसरी गोष्ट अशी, की ज्यांच्या हातून काही लिहून झालं तेच आपल्यापर्यंत पोचले. त्याच सेल्युलर जेलमध्ये १९१२ साली इंदुभूषण रॉयनं गळफास लावून घेतला. उल्लासकर दत्त भ्रमिष्ट झाला आणि त्याला मद्रासच्या वेड्यांच्या रुग्णालयात हलवावं लागलं. सावरकरांसारख्या कणखर माणसानंही 'माझी जन्मठेप'मध्ये आत्महत्येचे विचार आल्याचं लपवलेलं नाही. शाळेत आपल्याला त्यांची समुद्रातली उडी शिकवतात, हे पान शिकवत नाहीत.

सेल्युलर जेल पाहिलं तर नीट पाहावं. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. घरच्या फरशीवर खडूनं तेवढा चौकोन आखला तर प्रथम वाटतं, बरीच जागा आहे की! मुंबईत कितीतरी कुटुंबं याहून फार मोठ्या खोलीत राहत नाहीत. मग लक्षात येतं की जागेचा प्रश्नच वेगळा आहे. इमारतीच्या सात भुजा मधल्या मनोऱ्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघायच्या, आणि प्रत्येक भुजेचं तोंड पुढच्या भुजेच्या पाठीकडे. दारातून बघितलं की समोर माणूस नाही, भिंत. कडी दाराला नाही, बाजूच्या भिंतीत कोनाडा करून त्यात लांबवर बसवलेली; गजातून हात घातला तरी तिथवर पोचत नाही. बांधणाऱ्यांनी १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं खर्चून माणसाला माणूस दिसू नये याची व्यवस्था केली. त्यांना ठाऊक होतं ते काय करताहेत. कारण तोवर युरोप-अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला होता, आणि त्याचा निकालही लागला होता.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात १८२१ मध्ये सुमारे ८० कैद्यांना काम न देता, बोलू न देता, पूर्ण एकटं ठेवलं गेलं. दोन वर्षांच्या आत काही मेले, काहींना वेड लागलं, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना गव्हर्नरनं माफी देऊन टाकली. तरीही १८२९ मध्ये फिलाडेल्फियाला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी उघडलं. इथली मंडळी दुष्ट नव्हती. क्वेकर पंथाचे लोक त्यामागे होते, भले, देवभोळे. एकट्या बसलेल्या माणसाचा आत्मा जागा होईल, तो पश्चात्ताप करेल, इतर चोरांच्या संगतीनं बिघडणार नाही, ही त्यांची श्रद्धा. कैद्याला कोठडीबाहेर नेताना डोक्यावर टोपडं चढवत, की दुसऱ्याचा चेहरा दिसू नये आणि याचा दुसऱ्याला. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिथं जाऊन आला. हेतू चांगला आहे हे त्यानं मान्य केलं, आणि तरी लिहिलं की मनाशी चाललेला हा खेळ शरीराच्या कुठल्याही छळाहून वाईट, कारण याच्या जखमा दिसत नाहीत. मला या सगळ्या इतिहासात टोचतं ते हेच. एकांतकोठडीची सुरुवात कैद्याच्या भल्यासाठी झाली. शिक्षा म्हणून ती नंतर वापरात आली. 'तुझ्याच जिवासाठी'मागे 'तुझ्याच आत्म्यासाठी'ची जुनी परंपरा आहे.

१८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मेडली नावाच्या कैद्याच्या खटल्यात या प्रयोगांचा हिशेब मांडला : कित्येक कैदी थोड्याच अवधीत बधिर झाले, त्यांना कशानं जाग आणता येईना, काही हिंसक वेडे झाले, काहींनी जीव दिला, जे निभावले त्यांतलेही बरेचसे समाजाच्या उपयोगाचे राहिले नाहीत. एवढं स्पष्ट लिहून झाल्यावर विषय संपायला हवा होता. विसाव्या शतकात तो जवळजवळ विसरला गेला, आणि शेवटी शेवटी पुन्हा नव्यानं बांधकाम सुरू झालं.

मधल्या काळात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेनं, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धूसर काच, हातांना मोजे आणि पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांशी एकसुरी घरघर. तेव्हाचे वीस डॉलर म्हणजे चंगळ होती. तरी बहुतेक पोरं दोन-तीन दिवसांत पळाली. ज्यांनी तग धरला त्यांना नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. कोठडीत इतका अंधारकोंडा नसतो, हे खरं. पण बाहेरून काही येत नसेल तर मेंदू स्वतःच काहीतरी बनवायला घेतो, एवढं त्या पोरांनी दाखवून दिलं.

१९८३ मध्ये स्टुअर्ट ग्रॅसियन या मानसोपचारतज्ज्ञानं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोल तुरुंगातल्या एकांतातल्या चौदा कैद्यांच्या मुलाखती घेऊन एक छोटा निबंध छापला. त्यात जे आढळलं ते पुढे ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा दिसत आलं. पहिली तक्रार बहुधा आवाजाची. आपल्याला वाटतं एकांतात शांतता असेल. तिथल्या माणसाला मात्र पाइपातून जाणारं पाणी, दूरच्या दाराची कडी, वॉर्डरच्या बुटाचा चामडी आवाज सहन होत नाही, डोक्यात घण पडतो. मग विचार अडकतो. कुणीतरी आठ दिवसांपूर्वी ताट देताना जरा वेगळ्या नजरेनं बघितलं, का बघितलं? त्याच त्या गोष्टीचं चऱ्हाट. वाचायला घेतलेलं पान तिसऱ्या ओळीशी निसटतं. भिंत जवळ आल्यासारखी वाटते, कुणी नाव घेऊन कुजबुजल्यासारखं वाटतं. ते खरंच होतं का, हे विचारायला शेजारी कोणी नसतं. मुद्दा इथंच आहे. बाहेर आपण दिवसातून शंभरदा, नकळत, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून स्वतःचं तपासून घेत असतो. 'तुला पण ऐकू आलं का रे?' एवढं विचारता येणं ही केवढी मोठी सोय आहे, ते ती गेल्यावर कळतं.

कॅलिफोर्नियातल्या पेलिकन बे तुरुंगाचा खिडक्या नसलेला एकांत विभाग १९८९ मध्ये सुरू झाला. मानसशास्त्रज्ञ क्रेग हेनी यांनी तिथले शंभर कैदी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून तपासले. शंभरातल्या ८८ जणांना विचारांचं ते चऱ्हाट सुटत नव्हतं, ८६ जणांना आवाज-उजेड झोंबत होता, ४१ जणांना भास होत होते, २७ जणांच्या मनात जीव द्यायचे विचार होते. हेनींनी आणखी एक गोष्ट टिपली जी मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असल्यामुळे माणूस स्वतःहून काही सुरूच करू शकेनासा होतो. मोकळा वेळ आहे, कागद आहे, पत्र लिहायचं आहे. हात उठत नाही. पुढे माणसांचीच भीती वाटायला लागते. ज्या संगतीसाठी आधी तडफडत होता, ती समोर आली की घाम फुटतो. मग भेटीला आलेल्या बायकोलाही 'नको येऊस' म्हणतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय आढावा पुरा व्हायचा नाही. ग्रॅसियनचे चौदाही कैदी तुरुंगाविरुद्ध कोर्टात गेलेले होते. तक्रार वाढवून सांगण्यात त्यांचा फायदा होता, असा आक्षेप तेव्हापासून आहे. कॅनडात इव्हान झिंगर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत साठ दिवस वेगळं ठेवलेल्या कैद्यांची बराकीतल्यांशी तुलना केली. यात स्वतःहून वेगळे झालेलेही होते, म्हणजे आपला विषय थेट. मनःस्थिती ढासळल्याचं त्यांना आढळलं नाही. कोलोरॅडोत २०१० मध्ये पूर्ण झालेल्या वर्षभराच्या अभ्यासाचा निष्कर्षही साधारण तसाच निघाला, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. काही कैद्यांची तब्येत तर आत गेल्यावर सुधारल्यासारखी दिसली!

मला यात आश्चर्य वाटत नाही. सहा महिने उशाशी काहीतरी धारदार ठेवून झोपणाऱ्या, की झोपच न लागणाऱ्या, माणसाला एक कुलूपबंद दार मिळालं, तर पहिले काही दिवस तो बरा दिसणारच. भीती गेली म्हणून मन सुटलं, आणि एकटेपणाचा पगडा अजून बसायचा आहे. त्या मधल्या खिडकीत प्रश्नावली हातात दिली तर आकडे चांगले येतील. शिवाय कॅनडातले बरेच जण साठ दिवसांच्या आत पाहणीतून गळाले होते, आणि कोलोरॅडोत ज्यांच्याशी तुलना केली त्यांच्यातलेही काही मधूनमधून दंडकोठडीत जाऊन आलेले. चिनी मातीच्या दोन बरण्यांतलं लोणचं ताडून बघायचं, आणि एकाचं मीठ दुसऱ्यात सांडलेलं! पुढे झिंगर कॅनडाच्या तुरुंगव्यवस्थेवर देखरेख ठेवणारे अधिकारी झाले आणि एकांताच्या वापरावर सडकून टीका करत राहिले, हेही नोंदवायला हवं.

प्रश्नावलीपेक्षा माणसाच्या हातून काय घडलं ते मोजणारे अभ्यास मला जास्त पटतात. डेन्मार्कमध्ये कच्च्या कैद्यांची पाहणी झाली : एकट्यांमध्ये २८ टक्के जणांना तुरुंगात मानसिक विकार जडला, इतरांत १५ टक्के. न्यूयॉर्क शहराच्या तुरुंगांतली २०१० ते २०१३ मधली जवळजवळ अडीच लाख तुरुंगप्रवेशांची नोंद तपासली गेली. त्यांत एकांत भोगलेले फक्त ७.३ टक्के; पण स्वतःला इजा करून घेण्याच्या एकूण प्रकारांपैकी ५३.३ टक्के या मूठभरांचे. वय, मनोविकार, मुक्कामाची लांबी हे सगळं जमेस धरूनही धोका जवळपास सातपट. नॉर्थ कॅरोलायनात २००० ते २०१५ या काळात सुटलेल्या सव्वादोन लाखांहून अधिक लोकांचा मागोवा घेतला, तेव्हा आत असताना कधी ना कधी एकटं ठेवलं गेलेल्यांमध्ये पहिल्या वर्षात मरण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी जास्त निघालं, आत्महत्येचं ७८ टक्क्यांनी. एकांतानंच हे केलं असं अशा पाहणीवरून शपथेवर सांगता येत नाही. मुळात ज्यांना वेगळं काढतात ती माणसंच जास्त हलाखीची असतात. पण हलाखीच्या माणसाला निवडून तिथंच नेऊन ठेवायचं, हे आणखी वाईट.

आता येतो त्या मुद्द्याकडे, संरक्षणाची कोठडी दंडाच्या कोठडीहून वाईट कुठे ठरते. पहिली गोष्ट, दंडाला तारीख असते. चौदा दिवस म्हणजे चौदा. माणूस भिंतीवर रेघा ओढतो आणि रेघा संपतात. धोक्याला तारीख नाही. ज्या टोळीविरुद्ध साक्ष दिली ती टोळी पुढच्या महिन्यात तुम्हाला विसरत नाही. मग वेगळा ठेवलेला माणूस ज्या दिवशी गेला त्याच कारणासाठी तीन वर्षांनीही तिथंच असतो. दुसरी गोष्ट, शिक्का पडतो तो वेगळाच : 'वेगळा गेला' म्हणजे खबऱ्या असणार नाहीतर पोरीबाळींचा. म्हणजे बराकीत परतणं रोज थोडं थोडं अवघड होत जातं. तिसरी गोष्ट, त्यानं काही चूक केलेली नसते आणि तरी वाचनालय, काम, कामाचे पैसे, वर्ग, मैदान, सगळं जातं. आणि चौथी, सगळ्यात बोचरी : हे त्यानं स्वतः मागितलेलं असतं. तक्रार कोणाकडे करायची? शिक्षा झालेला माणूस निदान साहेबाला शिव्या घालू शकतो.

अमेरिकेत हे ओझं कुणावर पडतं ते २०११-१२ च्या सरकारी पाहणीत दिसतं. वर्षभरात कधीतरी वेगळं ठेवलं गेल्याचं समलिंगी व उभयलिंगी कैद्यांपैकी २८ टक्क्यांनी सांगितलं, इतरांपैकी १८ टक्क्यांनी. ज्याच्यावर हात टाकला जातो, कोंडला जातो तोच.

भल्यासाठी कोंडणं किती थराला जातं, ते चेल्सी मॅनिंगच्या प्रकरणात बघावं. गोपनीय कागद फोडल्याच्या आरोपावरून जुलै २०१० पासून नऊ महिने व्हर्जिनियातल्या क्वांटिकोच्या लष्करी कोठडीत मॅनिंगला ठेवलं होतं. कारण लिहिलं होतं : स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून. दिवसाचे तेवीस तास सहा बाय आठ फुटांत. दिवसभर दर पाच मिनिटांनी पहारेकरी विचारणार, ठीक आहेस ना? आणि तोंडानं उत्तर द्यायचं. रात्री पांघरुणात तोंड दिसेना की उठवणार. पुढे पुढे रात्री अंगावरचे कपडेही काढून घेतले गेले. तिथलेच मानसोपचारतज्ज्ञ, इतक्या बंदोबस्ताची गरज नाही, असं वारंवार लिहीत होते. काळजीचा प्रश्न दिवसातून दोनशे वेळा विचारला की त्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. २०१३ मध्ये लष्करी न्यायाधीशानं ही वागणूक बेकायदा ठरवून शिक्षेतून ११२ दिवस वजा करायचं ठरवलं.

सोयी वाढवल्या की प्रश्न सुटतो का? नॉर्वेत २०११ मध्ये ७७ जणांना मारणारा ब्रेव्हिक एकाहून जास्त खोल्यांत एकटा आहे. व्यायामाचं सामान आहे, सोबतीला पोपटासारखे तीन छोटे पक्षीही दिलेत. ओस्लोच्या न्यायालयानं २०१६ मध्ये त्याचा एकांत अमानुष ठरवला, वरच्या न्यायालयानं २०१७ मध्ये तो निर्णय फिरवला, २०२४ मध्ये तो पुन्हा हरला. त्या माणसाबद्दल कुणाला कणव वाटावी असं मी म्हणणार नाही. पण इतक्या श्रीमंत तुरुंगालाही माणसाऐवजी पक्षी द्यावे लागले, याची नोंद घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे कायदा शंभराहून अधिक वर्षं जुना आणि वाचायला बरा आहे. एकांतवासाची शिक्षा एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही, सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही; भारतीय दंड संहितेतली ही तरतूद न्यायसंहितेत जशीच्या तशी आली. १८९४ च्या तुरुंग कायद्यात तर असंही आहे, की एकांताच्या कोठडीतून कैद्याला केव्हाही अधिकाऱ्याला बोलावता आलं पाहिजे, आणि चोवीस तासांवर गेला की डॉक्टरनं रोज एकदा बघितलं पाहिजे. मेख अशी की हे सगळं 'एकांतवास' या शब्दाला लागू. ज्याला एकांतवास म्हटलंच नाही, 'सुरक्षेसाठी वेगळं' म्हटलं, त्याला मर्यादा कुठली? १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात तिहार तुरुंगाचा बचाव नेमका हाच होता : हा एकांतवास नव्हे, फाशीच्या कैद्याला सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर व्यवस्था आहे. सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला, आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर जे लिहिलं ते आजही वाचण्यासारखं आहे. तरी बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात बी. ए. उमेश हा फाशीचा कैदी २००६ पासून जवळजवळ दहा वर्षं एकटाच राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची जन्मठेप दिली. सोळा वर्षं लागली, आणि बत्रा निकालाला तोवर चव्वेचाळीस.

नागपूरच्या अंडा सेलमध्ये प्रा. जी. एन. साईबाबा, चाकाच्या खुर्चीशिवाय हलू न शकणारे, वर्षानुवर्षं होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं आणि त्याच ऑक्टोबरात ते गेले. २०२१ च्या 'डेथवर्दी' या अहवालासाठी फाशीच्या ८८ कैद्यांची मानसिक तपासणी झाली, तेव्हा ६२ टक्क्यांहून अधिक जणांना कसला ना कसला मनोविकार आढळला.  २०२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे देशात ५ लाख ७३ हजार कैदी, क्षमतेच्या १३१ टक्के, आणि त्यांतले पाऊण कच्चे. वर्षभरात ११९ आत्महत्या. त्या ११९ पैकी किती जण एकट्यानं राहत होते, याचा रकाना त्या जाड अहवालात नाही. गर्दी इतकी असताना एकांताचा प्रश्न कुठला, असं कुणी म्हणेल. उलट आहे. बराक जितकी चेपलेली तितका कमजोर कैदी कोठडी मागायला धावतो.

गंमत अशी की आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ ची मानसशास्त्रीय चिकित्सा सगळ्यात बारकाईनं झाली ती लंडनमध्ये. हिरेव्यापारी नीरव मोदीच्या भारताकडे प्रत्यार्पणाच्या वेळी, खिन्नतेचा विकार असलेल्या माणसाला तिथं ठेवलं तर तो जीव देईल का, यावर उच्च न्यायालयात दोन मानसोपचारतज्ज्ञांनी साक्ष दिली. देखरेखीची, उपचारांची आश्वासनं भारत सरकारनं कागदावर दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचं अपील फेटाळलं गेलं. शेजारच्या बराकीतल्या कच्च्या कैद्यासाठी अशी आश्वासनं कुणी कधी मागितलेली नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर केलेल्या मंडेला नियमांनी दोन आकडे पक्के केले. दिवसाला बावीस तास किंवा जास्त, माणसाशी अर्थपूर्ण संबंध नसताना, म्हणजे एकांतवास. सलग पंधरा दिवसांपलीकडे तो मना. कारण काहीही लिहिलेलं असो, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेच्या २०१२ च्या नियमांत लैंगिक अत्याचाराच्या भीतीपोटी कैद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध वेगळं ठेवायचं तर दुसरा मार्ग नाही हे आधी तपासावं लागतं आणि सहसा तीस दिवसांत पर्याय शोधावा लागतो. कॅनडानं २०१९ मध्ये जुनी पद्धत मोडून कोठडीबाहेर रोज चार तास दिले. आयर्लंडमध्ये २०१३ साली दोनशेहून अधिक कैदी दिवसाला बावीस-तेवीस तास आत असायचे, बहुतेक सगळे संरक्षणासाठी, बहुतेक स्वतःच्या अर्जावरून. तिथं २०१७ मध्ये नियम झाला : रोज निदान दोन तास बाहेर, आणि त्यात माणसाशी खरंखुरं बोलणं. ताट देताना 'घे' म्हणणं त्यात धरत नाहीत.

इंग्लंडनं वेगळीच वाट बरीच आधी धरली. ज्यांना धोका आहे त्यांना एकेकटं न कोंडता सगळ्यांना मिळून एक विभाग द्यायचा. तिथं ते एकत्र जेवतात, पत्ते खेळतात, कामाला जातात. माणसाला माणूस मिळतो, आणि एवढ्यानंच पुष्कळ निभतं. पण त्या विभागातही उतरंड लागतेच. माजी पोलीस लैंगिक गुन्हेगाराशेजारी बसत नाही, उधारी तिथंही चढते. मग त्यातलाच एखादा एके दिवशी दार लावून घेतो, विभागात परत जायला नकार देतो, आणि दोन ओळींचा अर्ज लिहितो, की मला या वेगळ्यांपासूनही वेगळं ठेवावं.